राजा दीनदयाळ: सरकारी नोकरी सोडून स्टुडिओ टाकणारा इंजिनिअर, आणि चाकूरमधलं आमचं दुकान



मागच्या दिवाळीत चाकूरला गेलो तेव्हा काकांनी जेवता जेवता सांगून टाकलं की स्टुडिओ बंद करायचा विचार आहे. बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आमचं दुकान. काकांनी ते १९९७ साली टाकलं. शेजारच्या मोबाईलवाल्याला गाळा पाहिजे होता आणि तो डिपॉझिट चांगलं देत होता. लग्नाच्या ऑर्डरी लातूरच्या ड्रोनवाल्या पोरांकडे गेल्या, वाढदिवसाचे फोटो घरोघरच्या फोनमध्ये गेले. दुकानात उरले ते फॉर्मचे पासपोर्ट फोटो आणि भिंतीवर हार घालून लावायच्या फ्रेमा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरच्यांना वाटतं की इंटरनेटवरचा कुठलाही प्रश्न मला सुटतो. मलाही तसंच वाटायचं. दोन दिवसांत इन्स्टाग्राम पेज बनवलं, गुगल मॅपवर दुकान टाकलं, पैसे भरून दोन पोस्ट बूस्ट केल्या. तीन आठवड्यांत भरपूर लाईक आले आणि त्यातले बहुतेक माझ्या कॉलेजच्या मित्रांचे होते. गिऱ्हाईक एकही वाढलं नाही. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मी उलट्या बाजूने शोधायला लागलो. आपल्या भागात फोटोचा धंदा पहिल्यांदा खरोखर मोठा कोणी केला? शोधता शोधता एका माणसापाशी येऊन थांबलो, तो म्हणजे राजा दीनदयाळ. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, चाकूरसुद्धा. त्या संस्थानाच्या सहाव्या निजामाचा, मीर महबूब अली खानाचा, हा दरबारी फोटोग्राफर. इतिहासात त्याचं नाव राजेरजवाडे आणि वाघाच्या शिकारीचे फोटो यासाठी घेतलं जातं. मी मात्र त्याचं आयुष्य दुकानदाराचं आयुष्य म्हणून वाचलं, आणि तसंच तुम्हाला सांगणार आहे.

दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावातला. घराणं जैन, जवाहिऱ्यांचं. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, म्हणजे आजच्या आयआयटी रुडकीत. विषय स्थापत्य. मला हे वाचून उगाच आपुलकी वाटली, कारण आपल्याकडेही इंजिनिअरिंग करून माणूस शेवटी दुसरंच काहीतरी करतो. १८६६ मध्ये त्यांना इंदूरला सरकारी बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरी लागली. काम एस्टिमेट काढायचं आणि नकाशे बनवायचं. पक्की नोकरी, बसून काम.

कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. तोपर्यंत आठ वर्षं नोकरी झाली होती. आपण ज्याला साईड बिझनेस म्हणतो तसं हे सुरू झालं. पण त्या काळात फोटो काढणं म्हणजे काय होतं हे समजल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

एक फोटो म्हणजे किती खटाटोप

तेव्हा चालायची ती 'ओल्या प्लेट'ची पद्धत. काचेच्या स्वच्छ तुकड्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. आता ती प्रकाशाला संवेदनशील झाली. पण गंमत अशी की ही काच ओली असेपर्यंतच कामाची. दहा-पंधरा मिनिटांत ती कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा आणि लगेच अंधारात डेव्हलप करायचा. म्हणून किल्ल्याचा फोटो काढायला गेलात तर किल्ल्यापाशी काळा तंबू, बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि हे सगळं वाहायला बैलगाडी किंवा हमाल. आपल्याकडच्या उन्हात ती प्लेट किती पटकन वाळत असेल, विचार करा.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिन वापरून कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तशा तयार प्लेटा बाजारात मिळू लागल्या. आधीच बनवून ठेवा, हवं तिथे वापरा, घरी येऊन डेव्हलप करा. फोटोग्राफरचं अर्धं ओझं गेलं. दीनदयाळांचा धंदा नेमका याच काळात वाढला, हा योगायोग नाही. नवी सोय आली की धंद्यात गर्दी होते, दर पडतात, हे आपण मोबाईल कॅमेऱ्याच्या बाबतीत पाहतोच. पण त्याच सोयीमुळे आधी न जमणारी कामंही जमू लागतात. दीनदयाळ त्या दुसऱ्या गोष्टीच्या मागे गेले.

इंदूरला तेव्हा होळकरांचं राज्य. दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर. त्यांनी या हौशी ड्राफ्ट्समनला उत्तेजन दिलं. दुसरा मोठा आधार मिळाला सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याचा. इंदूरचं डेली कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, भारत फिरायला आला. त्या दौऱ्याचे फोटो काढायची संधी दीनदयाळांना मिळाली. कॅमेरा हातात घेऊन दोनेक वर्षंच झालेली!

इथे 'नशीब' म्हणून पुढे जाता येतं. मला वाटतं तसं नाही. नोकरीमुळे हा माणूस ज्या कचेऱ्यांत रोज ये-जा करत होता, तिथलेच लोक त्याचं पहिलं गिऱ्हाईक झाले. मी काकांचं पेज पुण्याच्या मित्रांना दाखवत बसलो होतो. त्यातला एकही जण पासपोर्ट फोटो काढायला चाकूरला येणार नव्हता.

पुढे सर लेपेल ग्रिफिन हा अधिकारी आला. १८८२-८३ च्या सुमाराला त्याच्याबरोबर दीनदयाळ बुंदेलखंड आणि मध्य भारतात फिरले. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणचे किल्ले, महाल, देवळं यांचे फोटो काढले. त्यातून मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं ग्रिफिनचं पुस्तक १८८६ मध्ये निघालं, त्यातले फोटो दीनदयाळांचे.

धंद्याच्या नजरेने हा प्रकार फार महत्त्वाचा आहे. एखाद्या साहेबाचा पोर्ट्रेट काढला तर तो साहेब आणि त्याचे नातेवाईक विकत घेणार, संपलं. पण किल्ल्याचा, लेण्याचा फोटो कोणालाही विकता येतो, पुन्हा पुन्हा. काचेची निगेटिव्ह एकदा तयार झाली की तिच्यावरून हव्या तितक्या प्रिंट काढता येतात. आज ज्याला स्टॉक फोटो म्हणतात तोच हा हिशोब. पुढे निजामाच्या मुलुखाचे असेच अल्बम झाले. वेरूळचं कैलास लेणं आणि औरंगाबाद परिसर त्यांच्या कॅमेऱ्यात आला तो या कामात.

नोकरी मात्र त्यांनी रागारागात राजीनामा देऊन सोडली नाही. आधी लांबची रजा काढली, धंदा चालतोय हे पाहिलं आणि मग सरकारी कामातून बाहेर पडले. तोवर कॅमेरा घेऊन दहा वर्षं उलटली होती. स्टार्टअपसाठी सहा महिन्यांत नोकरी सोडलेल्या माझ्या दोन रूममेट्सना हे मी मुद्दाम फॉरवर्ड केलं. उत्तर आलं नाही.

छावणीशेजारी दुकान

१८८५ च्या सुमाराला दोन गोष्टी घडल्या. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनचा फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि निजामाच्या दरबारातही प्रवेश मिळाला. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ उघडला. ज्ञानचंद आणि धरमचंद ही मुलं धंद्यात होती, म्हणून कंपनीचं नाव 'राजा दीनदयाळ अँड सन्स'.

आता जागा बघा. निजामाचा महाल हैदराबादला, आणि दुकान सिकंदराबादला. सिकंदराबाद ही ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी. तिथे पलटणी यायच्या, काही वर्षांनी बदलून जायच्या, नव्या यायच्या. प्रत्येक अधिकाऱ्याला विलायतेत घरी पाठवायला फोटो हवा. पलटणीचा ग्रुप फोटो, पोलोच्या टीमचा फोटो, घोड्यासकट फोटो, बायकापोरांसकट बंगल्याच्या व्हरांड्यात फोटो. दरबारातून काम येईल तेव्हा येईल, पण छावणीतलं गिऱ्हाईक बारमाही.

हे वाचताना मी अक्षरशः उठून बसलो. आमच्या चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातली पोरं तिथे येतात, शिकून जातात, पुन्हा नवी तुकडी येते. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडे 'पासपोर्ट फोटोवाले' म्हणूनच पाहिलं. घरापासून दोन हजार किलोमीटरवर आलेल्या पोराच्या आईला छापील फोटो पोस्टाने घरी मिळाला तर? फोनमधला फोटो ती बघतेच, पण तो भिंतीवर लावता येत नाही. काकांनी आता रविवारी, साध्या कपड्यांतले फोटो काढून फ्रेमसकट स्पीड पोस्टाने गावी पाठवायची सोय ठेवली आहे. पत्ता लिहून घ्यायचा, पैसे आगाऊ. यात टेक्नॉलॉजी काहीच नाही हे मान्य.

राणी व्हिक्टोरियाचा फोटोग्राफर म्हणून सनद मिळाली. १८९४ मध्ये निजामाने 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा, जंग म्हणजे लढाई. निजामाने त्यांच्या कौतुकाचा एक शेरही रचला होता. त्या काळचा फाइव्ह स्टार रिव्ह्यूच म्हणा ना. या सगळ्याला आपण मानसन्मान म्हणून हात जोडतो, पण दुकानदाराला त्याचा रोजचा उपयोग होता. तेव्हा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायचे आणि त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं असायचं. गिऱ्हाईक तो फोटो दहा पाहुण्यांना दाखवणार, म्हणजे जाहिरात त्याच्याच हाताने फिरणार. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोला असा पुठ्ठा नसतो, हे आपलं खरं दुखणं आहे.

पुठ्ठ्यावरून आठवलं. दुकानात आठ पासपोर्ट फोटोंची एक शीट मिळते ना? तिची पणजी १८५४ सालची आहे. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ छोटे पोर्ट्रेट घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. एका प्लेटच्या खर्चात आठ फोटो, मग कापून व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फोटो एकदम स्वस्त झाला आणि युरोपात स्टुडिओंसमोर रांगा लागल्या. आज आपण चार बाय सहा इंचाच्या कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो बसवतो. चार आडवे, दोन ओळी. मोजून बघा, बरोबर बसतात. हिशोब तोच आहे.

जनाना स्टुडिओ

दीनदयाळांच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १८९२ ची. हैदराबादच्या खानदानी घरातल्या बायका पडद्यात राहायच्या. परक्या पुरुषासमोर येणार नाहीत, मग फोटोग्राफरसमोर कशा बसतील? म्हणजे शहरातलं अर्धं श्रीमंत गिऱ्हाईक दुकानात येऊच शकत नव्हतं. यावर दीनदयाळांनी हैदराबादमध्ये खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आत, पुरुषांना प्रवेश नाही, फोटो काढणाऱ्याही बायकाच. तिथला कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे होता.

दुसरा एखादा म्हणाला असता, बायका येत नाहीत, रिवाजच तसा आहे, काय करणार. ते चूकही नव्हतं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला होता. कॅमेरा माणसातली शक्ती शोषतो, आयुष्य कमी करतो अशी समजूत लोकांत होती आणि तो धंदा चालला नाही. फाळक्यांएवढा कल्पक माणूस! भीती आणि लाज यांच्यापुढे नुसती हुशारी पुरत नाही. दीनदयाळांनी लोकांची समजूत बदलायच्या नादी न लागता भिंत बांधली आणि कॅमेऱ्यामागे बाई उभी केली.

आमच्या दुकानात हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता, आणि तो मला नाही, वहिनीला दिसला. डोहाळजेवणाचे फोटो बायकांना हवे असतात, पण दुकानातल्या पोरासमोर हवी तशी पोज द्यायला त्या अवघडतात. शिवाय मोठी भीती दुसरीच. आपला फोटो दुकानवाल्याच्या फोनमध्ये राहील, कुठेतरी फिरेल. ही भीती खोटी नाही. वहिनीने कॅमेरा शिकून घेतला. आता दुपारी दोन ते पाच दुकानात तीच असते, फोटो फक्त दुकानाच्या कॅमेऱ्यावर काढते, फोनवर नाही. कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय आमच्या पेजवर जात नाही, ही पाटी मराठीत मोठ्या अक्षरात दारावर लावली आहे. बारसं आणि जावळासाठी ती घरी जाते. अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे कागदपत्रांसाठीचे फोटोही घरी जाऊन काढते. मागच्या चार महिन्यांत दुकानाचं भाडं याच कामातून निघालं. माझ्या बूस्ट केलेल्या पोस्टमधून नाही, हे काकू मला दर फोनला सांगतात.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दीनदयाळांचं काम मांडलं गेलं. त्याच वर्षी ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड हैदराबादला शिकारीला आला, त्याचे फोटो यांनीच काढले. हाच तो राजपुत्र, ज्याच्या खुनानंतर १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. १८९६ मध्ये मुंबईला स्टुडिओ निघाला. १९०२ मध्ये लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे असलेला फोटो तर आजही पुस्तकांत दिसतो. हा भाग मी पटकन उरकतो, कारण बाकी सगळीकडे त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलेलं असतं.

जे कमी लिहिलं जातं ते औरंगाबादचं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मराठवाड्यात माणसं उपासमारीने मरत होती. संस्थानाच्या मदतकार्याची नोंद म्हणून दीनदयाळांच्या स्टुडिओने तिथल्या दुष्काळग्रस्तांचे फोटो काढले. बरगड्या दिसणारी, कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं रांगेत बसवलेली. नवाबांच्या फोटोखाली नावं, किताब, सगळं आहे. या माणसांच्या फोटोखाली फक्त प्रकार लिहिलेला, किती खंगलेत याचा. माझ्या घरात पणजोबांच्या पिढीतल्या कोणाचाच फोटो नाही. त्या फोटोंतल्या माणसांचे चेहरे मी बराच वेळ झूम करून पाहत होतो, आपल्यासारखं कोणी दिसतं का ते. असं शोधण्यात अर्थ नाही, तरी पाहिलं.

नंबर

दीनदयाळांच्या जुन्या प्रिंट नीट पाहिल्या तर अनेकांवर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात नाव आणि एक नंबर दिसतो. तो प्रिंटवर लिहिलेला नाही. काचेच्या निगेटिव्हवर शाईने लिहिलं की तिथून प्रकाश जात नाही, म्हणून कागदावर ती जागा पांढरी राहते. मजकूर सरळ दिसावा म्हणून काचेच्या रसायनाच्या बाजूवर तो उलटा लिहावा लागतो. एवढा त्रास कशाला? कारण हजारो काचांतून पाच वर्षांनी एक काच शोधायची तर नंबर पाहिजे. गिऱ्हाईक आलं, नंबर सांगितला, काच काढली, प्रिंट दिली. आपल्या भाषेत ही प्रायमरी की.

हे वाचल्यावर मी काकांना हसत हसत विचारलं की तुमच्याकडे असं काही आहे का. त्यांनी माळ्यावरून चपलांचे खोके काढले. १९९७ पासूनच्या रोलच्या निगेटिव्ह, प्रत्येक पाकिटावर पावती पुस्तकाचा नंबर. माझी बोलती बंद.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. नवरा गेल्याला महिना झाला होता. लग्न २००४ चं, घरातला अल्बम पावसात भिजून चिकटलेला. काकांनी जुनी पावती पुस्तकं चाळली, अर्ध्या तासात पाकीट सापडलं. निगेटिव्ह स्कॅन केली, दोघांचा फोटो मोठा करून दिला. मग त्यांनी मुलाच्या बारशाचे फोटो मागितले, २०१४ चे. ते डिजिटल होते. २०१३ ते २०१६ चं सगळं काम एका हार्ड डिस्कवर होतं आणि ती डिस्क केव्हाच बंद पडलेली. दुसरी कॉपी नाही. एका रिकव्हरीवाल्याकडे आम्ही ती पाठवली होती, पैसे गेले आणि हाती तुटक्या फायली आल्या. त्या मुलाच्या बारशात बापाने त्याला मांडीवर घेतलेले फोटो होते म्हणे. आम्हाला नाही म्हणावं लागलं. दहा वर्षं आधीचा फोटो सापडला आणि नंतरचा नाही, हे मी, कॉम्प्युटरवाला माणूस, तिथे उभा राहून पाहत होतो.

त्या रात्री बसून जे केलं ते फार साधं आहे, तुमच्या ओळखीत कोणाचा स्टुडिओ असेल तर त्यांनाही सांगा. एक गुगल शीट. पावती नंबर, तारीख, नाव, गाव, कार्यक्रम. फोल्डरचं नाव म्हणजे वर्ष आणि पावती नंबर, बाकी काही नाही. 'न्यू फोल्डर फायनल २' बंद. प्रत्येक कामाच्या तीन कॉपी. एक दुकानात, एक दुसऱ्या डिस्कवर काकांच्या घरी आणि निवडक फोटोंची तिसरी क्लाऊडवर. दर सहा महिन्यांनी डिस्क लावून फायली उघडतात का ते बघायचं, नुसतं जपून ठेवायचं नाही. गिऱ्हाईकाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचे. फोटो म्हणून पाठवले की ते लहान होतात आणि तारखेसारखी आतली माहितीही गळून जाते.

आणि हीच गोष्ट आता दुकानात विकली जाते. पावतीवर नंबर आहे, तो सांगा, कधीही पुन्हा प्रिंट घ्या, इतके रुपये. शिवाय गावागावांतले जुने अल्बम आणून द्या, आम्ही स्कॅन करू, मागे नावं लिहून घेऊ. कोण, कुठलं, कुठल्या साली. नावांचे वेगळे पैसे नाहीत. जुने फोटो 'एआय'ने नवे करून द्या म्हणून मागणी येते, पण त्यात मी काकांना सावध केलं आहे. ते अ‍ॅप फाटलेली जागा भरताना चेहराही स्वतःच्या मनाने भरतं. एका आजीची नथ गायब झाली आणि नाक बदललं. नातवाला फोटो आवडला, पण तिच्या लेकीने परत केला. आता मूळ स्कॅन आणि सुधारलेला, दोन्ही देतो.

राजा दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी मुलगा धरमचंद वारला होता. १९११ मध्ये निजामही गेला, आणि कंपनीला ते जुने दिवस पुन्हा दिसले नाहीत. धंदा एका मोठ्या गिऱ्हाईकाला फार चिकटला होता असं माझं मत, इतिहासकार कदाचित वेगळं सांगतील. पण काचा राहिल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६ मध्ये पोस्टाने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

मोबाईलवाल्याला काकांनी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे. गाळ्याचा पुढचा कोपरा मात्र त्याला दिला, टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर विकायला, त्यामुळे भाड्यात थोडा हातभार लागतो. चपलांच्या खोक्यांपैकी तीन स्कॅन करून झाले, अकरा बाकी आहेत. नीटचा फॉर्म निघाला की फोटोसाठी पोरांची रांग लागेल, तोपर्यंत दुपारी वहिनी रोज एकेक पाकीट उघडते. कालच्या पाकिटात १९९९ चा एक ग्रुप फोटो निघाला, कुठल्यातरी शाळेचा, बावन्न पोरं. त्यातल्या एकोणीस जणांची नावं काकांना आठवली, ती तिने शीटमध्ये भरली. बाकीच्यांसाठी प्रिंट काढून दुकानाच्या काचेवर लावली आहे, खाली पेन बांधून.